जुन्या साहित्यातून स्वस्तात घरदार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राहायचं घर, त्याला लागून गोठा, पाण्याची टाकी, कुंपण असं सगळं पाडकामातून निघालेल्या साहित्यात उभं करू पाहणाऱ्यांकडून तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. जुनं साहित्य वापरलं तर घर खरंच स्वस्त पडतं का?

जुनं साहित्य फुकट मिळालं तरी फुकट पडत नाही. विटेला चिकटलेला मसाला सोडवायचा, लाकडातले खिळे उपसायचे, गाडी करून आणायचं, झाकून ठेवायचं, आणि हे सगळं मजूर लावून केलं तर वीट नव्या विटेइतकीच महाग होते. घरच्या माणसांचे हात आणि सवड असेल तरच हिशेब जमतो.

खरी बचत दारं-खिडक्या, सागवानासारखं जड लाकूड, फरशी, घडीव दगड, लोखंडी अँगल-चॅनेल आणि बेसिन-सिंक यांत होते. सिमेंट, वाळू, सळई, वायरिंग यांत काही वाचत नाही. गवंड्याची मजुरी तर वाढतेच, कारण मापात नसलेल्या विटांचा थर जुळवायला त्याला जास्त वेळ लागतो. आणि हे कुणाला ऐकायला आवडत नाही, पण सर्वांत मोठी बचत साहित्यात नसून क्षेत्रफळात असते. एक खोली कमी बांधली तर तिचा पाया, छत, गिलावा, रंग, वायरिंग सगळंच वाचतं.

२. आधी नकाशा काढायचा की आधी साहित्य जमवायचं?

जागेचा उतार, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, ऊन-वारा कुठला, हे आधी. मग साहित्य. पक्का नकाशा शेवटी.

कारण सरळ आहे. हातात आलेल्या तुळईची लांबी खोलीची रुंदी ठरवते आणि मिळालेल्या चौकटी भिंतीतल्या उघड्या जागांची मापं ठरवतात. नकाशा आधी पक्का केला की त्या मापाची खिडकी शोधत फिरावं लागतं, ती सापडत नाही आणि शेवटी नवीच घ्यावी लागते. पुठ्ठ्याचे तुकडे प्रमाणात कापून प्रत्येक दार, खिडकी, तुळई त्यावर लिहा आणि कागदावर मांडून बघा. दहा तऱ्हेच्या दहा खिडक्या असतील तर त्यांची वरची कड, म्हणजे लिंटेलची (दारा-खिडकीवरच्या भार पेलणाऱ्या आडव्या पट्टीची) पातळी, एकच ठेवा. खालच्या कडा वरखाली झाल्या तरी बाहेरून घर नेटकं दिसतं आणि लिंटेलचा पट्टा सलग जातो.

केरळमध्ये आयुष्याचा मोठा काळ घालवलेले वास्तुकार लॉरी बेकर (१९१७–२००७) पाडकामाच्या ढिगातून चौकटी आणि दारं निवडून त्यांभोवती घरं रचत. ही पद्धत गरिबीची खूण मानायचं काही कारण नाही.

३. कुठल्या गोष्टी जुन्या कधीच घेऊ नयेत?

सळई, सिमेंट, विजेच्या वायरी आणि स्विच, एमसीबी (जादा प्रवाह आला की वीज तोडणारा खटका), गॅसची नळी, पिण्याच्या पाण्याचे पाइप, छताचे स्क्रू आणि वॉशर, वॉटरप्रूफिंगचं साहित्य.

पाडकामातली सळई वाकलेली असते. थंड लोखंड एकदा वाकवून परत सरळ केलं की त्या जागी ते ठिसूळ होऊ शकतं, वरून ते दिसत नाही, आणि तिचा दर्जा कोणता होता हेही कळत नाही. पोत्यातलं सिमेंट नीट ठेवलं तरी तीन महिन्यांत साधारण पाचवा हिस्सा ताकद गमावतं. गाठी झालेलं सिमेंट चाळून वापरायचा मोह होतो. वाटेवरच्या फरशीखाली तेवढं चालेल, त्यापलीकडे नाही. वायरीचं आवरण कालांतराने कडक होऊन तडकतं आणि आग भिंतीच्या आत लागते.

घर ज्यावर उभं आहे आणि ज्याने जीव जाऊ शकतो ते नवं घ्यायचं, बाकी सगळीकडे हात आखडायला मोकळीक आहे.

४. असं साहित्य मिळतं कुठे?

पाडकामाच्या ठेकेदाराकडे, पण पाडकाम सुरू होण्याआधी. यंत्राने एकदा पाडलं की चौकटी फुटलेल्या आणि विटा मातीत गेलेल्या असतात. घराचं नूतनीकरण करणारे, शेड हलवणारे कारखाने, दगडाच्या खाणीवरचे उरलेले तुकडे, फरशीच्या दुकानातले शेवटचे अर्धे-मुर्धे लॉट हेही बघा. खिडक्या बनवणाऱ्यांकडे चुकीच्या मापाने बनलेला, गिऱ्हाइकाने न उचललेला माल हमखास पडलेला असतो. तो कोराच असतो आणि मिळतो जुन्याच्या भावात.

प्रत्येक खरेदीची चिठ्ठी घ्या. फुकट मिळालं तरी देणाऱ्याची सही असलेला कागद हवा. लोखंड, तांबं आणि जुन्या कोरीव वस्तू यांत चोरीचा माल फिरतो.

५. एखादं जुनं घर आम्हीच उतरवून घेतलं तर?

फायद्याचं आहे, पण पाडणं आणि उतरवणं वेगळं. वीज, पाणी, गॅस बंद केल्याची खात्री स्वतः करा. मग बांधकामाच्या उलट क्रमाने जा: नळ-बेसिन, दारं-खिडक्या, कौलं किंवा पत्रे, वासे, तुळया आणि शेवटी भिंती, त्याही वरून खाली थराथराने. सुटी उभी भिंत दोर बांधून ओढायची नाही. चौकट काढली की वरचं वजन कुठे जातंय ते बघा आणि गरज असेल तिथे आधी टेकू द्या. सुरू करण्यापूर्वी ॲस्बेस्टॉसची शक्यता तपासा (प्रश्न १४). डोक्यावर हेल्मेट, जाड तळव्याचे बूट आणि धनुर्वाताचं इंजेक्शन यांत काटकसर नको.

६. सगळं जमेपर्यंत ठेवायचं कुठे?

बहुतेकांचं घर इथेच महाग होतं. वर्षभर पावसात भिजलेलं लाकूड पुन्हा भंगारात जातं. पहिलं बांधकाम म्हणजे एक साधी पत्र्याची शेड. लाकूड जमिनीपासून वीतभर वर, प्रत्येक थरात पट्ट्या देऊन वारा खेळेल असं रचायचं. दारं आडवी टाकली की पीळ पडतो, म्हणून उभी ठेवायची. काच नेहमी कडेवर उभी. प्रत्येक वस्तूवर खडूने माप आणि वहीत नोंद. ज्याला वहीत जागा नाही ते आणायचंच नाही, नाहीतर आवारात भंगाराचं दुकान होतं.

७. जुनी वीट चांगली की वाईट, कसं ओळखायचं?

दोन विटा एकमेकींवर वाजवा. खणखणीत आवाज हवा, बद्द आवाजाची वीट आतून कच्ची किंवा तडकलेली असते. नखाने ओरखडा उठू नये. कमरेच्या उंचीवरून कडक जमिनीवर सोडली तर तिचे तुकडे होऊ नयेत. शंका असेल तर कोरडी वीट तोला, २४ तास पाण्यात ठेवा, पुन्हा तोला. वजन २० टक्क्यांहून जास्त वाढलं तर ती बाहेरच्या भिंतीत नको.

जुन्या भिंतीत दोन तऱ्हेच्या विटा असतात हे लक्षात ठेवा. दर्शनी बाजूला पक्क्या, आणि आतल्या भागात बऱ्याचदा कमी भाजलेल्या. ढिगात त्या एकत्र होतात. आतली वीट बाहेर लावली की दोन पावसाळ्यांत तिचा पापुद्रा सुटू लागतो, म्हणून रंग आणि आवाज बघून दोन ढीग करा.

चुन्यात बांधलेली वीट बसोलीच्या टोल्याने स्वच्छ निघते. सिमेंटमध्ये बांधलेली निघत नाही, मसाल्याआधी वीटच फुटते. विकत घेण्यापूर्वी मूठभर विटा स्वतः साफ करून बघा, म्हणजे भावाची घासाघीस कितीवर थांबवायची ते कळेल. पांढरा क्षार फुललेल्या विटा, धुराड्याच्या काजळलेल्या विटा आणि खत-मिठाच्या गोदामातल्या विटा घेऊ नका. त्यातला क्षार नव्या गिलाव्यातून बाहेर येतच राहतो.

बांधताना मसाला विटेपेक्षा कमकुवत असावा. एकास सहा सिमेंट-वाळू किंवा चुन्याचा मसाला पुरतो. भिंतीला तडा गेलाच तर तो सांध्यात जातो, वीट वाचते आणि पुढच्या पिढीला ती पुन्हा वापरता येते.

८. वेगवेगळ्या मापाच्या विटा एकाच भिंतीत चालतील?

चालतील, पण एका थरात एकाच जाडीच्या. थर बदलला की जाडी बदलू द्या. दर चार-पाच थरांनंतर पाणसळ लावून पातळी जुळवून घ्या. एक बाजू सरळ ठेवा, दुसरीकडचा उंचसखलपणा गिलावा झाकतो.

चीनमधलं निंगबो संग्रहालय (२००८) बघण्यासारखं आहे. वांग शू यांनी आसपासच्या पाडलेल्या गावांतल्या विटा आणि कौलं मिसळून त्याच्या बाह्य भिंती रचल्या. त्यांच्यामागे काँक्रीटचा सांगाडा आहे हे मात्र विसरायचं नाही. नुसत्या मिश्र विटांवर तेवढी उंची पेलत नाही.

विटा एकसारख्या मापाच्या निघाल्या तर रॅट ट्रॅप पद्धतीने, म्हणजे विटा कडेवर उभ्या लावून मध्ये पोकळी ठेवत बांधा. साधारण चौथा हिस्सा विटा वाचतात आणि पोकळीमुळे उष्णता अडते. मापात फरक असेल तर ही पद्धत जमत नाही.

९. फुटलेल्या काँक्रीटचं काय करायचं?

मोठे सपाट तुकडे दगडासारखे रचून बांध, पायऱ्या, वाटा होतात. मध्यम तुकडे जोत्याच्या भरावात. बारीक केलेले तुकडे खडीऐवजी फरशीखालच्या काँक्रीटमध्ये चालतात, पण ते आधी भिजवून घ्या, नाहीतर मिश्रणातलं पाणी तेच पितात. स्लॅब, बीम, कॉलममध्ये हे घालू नका.

भरावात प्लास्टर ऑफ पॅरिस किंवा जिप्सम बोर्डाचे तुकडे राहू देऊ नका. त्यातलं सल्फेट ओलाव्याबरोबर वर येऊन काँक्रीट फुगवतं आणि तोडतं. राबिट, म्हणजे पाडकामाचा मलबा, फुकट मिळतंय म्हणून गाडी रिकामी करून घेणाऱ्यांना हा फटका काही वर्षांनी बसतो, तोवर कारण कुणाला आठवत नाही. फुटक्या विटांची पूड चुन्यात मिसळली की मात्र सुरखी होते, आणि तो मसाला ओलीतही घट्ट होतो.

१०. जुनं लाकूड भाराला वापरता येईल का?

नीट पारखलं तर येईल. जुन्या झाडाचं लाकूड बहुधा दाट असतं आणि त्याचं आकसणं-वळणं होऊन गेलेलं असतं. तुळई हातोडीने ठोकत जा, आवाज बदलला की तिथे पोकळ आहे. चाकूचं टोक खुपसून बघा. टोकांकडे विशेष लक्ष द्या, कारण ती भिंतीत गाडलेली असतात आणि ओल तिथेच धरते. कुजकी टोकं कापून टाकून उरलेली तुळई कमी रुंदीच्या खोलीवर घाला.

तुळईच्या खालच्या कडेला ताण असतो, मधल्या भागात सर्वांत जास्त. जुन्या खाचा आणि भोकं तिथे येत असतील तर तुळई उलटी करा किंवा दुसरीकडे वापरा. ताजा पिवळसर भुसा पडत असेल तर भुंगा अजून जिवंत आहे. असं लाकूड बाकीच्यापासून लांब ठेवून त्यावर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण पाजा. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी. करवत चालवण्यापूर्वी लोहचुंबक फिरवा, आत मोडलेला एक खिळा अख्खं पातं घालवतो.

११. काढलेले खिळे सरळ करून वापरावेत का?

कोंबड्यांच्या खुराड्याला वापरा. घराला नको. बिजागऱ्या, कडीकोयंडे, पितळी मुठी आणि जाड बोल्ट मात्र जपून ठेवा, तसे भारी आता नव्यात सहज मिळत नाहीत.

१२. रंगवलेलं किंवा रसायन पाजलेलं लाकूड धोक्याचं असतं का?

असू शकतं. जुन्या तेलरंगात शिसं असण्याची शक्यता मोठी. अमेरिकेत घरगुती रंगांतून ते १९७८ मध्ये बंद झालं, अनेक देशांत खूप उशिरा. असा रंग कोरडा घासायचा नाही आणि आगीने जाळून काढायचा नाही. पाणी मारत खरवडायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं, निघालेलं गोळा करून बांधून टाकायचं. रंग घट्ट बसलेला असेल तर न खरवडता वरून नवा हात द्या, सगळ्यांत शहाणपणाचं तेच.

हिरवट झाक असलेलं बाहेरच्या कामाचं जुनं लाकूड बऱ्याचदा तांबं-क्रोमियम-आर्सेनिकचं द्रावण पाजलेलं असतं. अमेरिकेतल्या उत्पादकांनी घरगुती वापरासाठी ते २००३ अखेर थांबवलं. ते कधीही चुलीत किंवा शेकोटीत घालू नका, राखेत आर्सेनिक उरतं. रेल्वेचे जुने लाकडी स्लीपर क्रिओसोट या विषारी डांबरी तेलात मुरलेले असतात. ते घरात नकोत आणि भाजीच्या वाफ्यालाही नकोत. उताराच्या बांधाला ठीक.

१३. पॅलेटच्या फळ्या घरात वापरल्या तर चालतं?

आधी शिक्का बघा. देशांतर करणाऱ्या लाकडी पॅकिंगवर गव्हाच्या लोंबीचं चिन्ह आणि संकेताक्षरं असतात. एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते घरात आणू नका. शिक्काच नसेल तर डाग आणि वास बघा, रसायन सांडलेलं असेल तर सोडा. पॅलेटची फळी पातळ असते. कपाट, कुंपण, भिंतीला आतून आच्छादन यासाठी उत्तम, भाराला नाही. शिवाय खिळे काढताना निम्म्या फळ्या टोकाशी फुटतात, म्हणून खिळ्याच्या आतल्या बाजूने सरळ कापून घेणारे जास्त सुखी असतात.

१४. जुने सिमेंटचे पत्रे फुकट मिळतायत, घ्यावेत का?

नको. जुन्या करड्या नालीदार सिमेंट पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता दाट असते. पत्रा अखंड, न हललेला असतो तेव्हा धोका कमी, पण कापताना, भोक पाडताना, फुटताना सुटणारे तंतू फुप्फुसात बसतात. त्यातून होणारा कॅन्सर दोन-चार दशकांनी उघडा पडतो, त्यामुळे ‘आम्ही आजवर कापले, काही झालं नाही’ याला अर्थ नाही. जुन्या विनाइल टाइल आणि त्यांच्याखालचा काळा डिंक यांतही ॲस्बेस्टॉस असू शकतो.

विकत घेतलेल्या जागेवर असे पत्रे आधीच असतील तर ते अंगणात फोडू नका. ही विल्हेवाट तज्ज्ञांकडून, तिथल्या नियमांप्रमाणे. त्यासाठीचे पैसे जागेच्या किमतीतच धरून सौदा करा.

१५. लोखंडी पत्रे पुन्हा वापरताना जुन्या भोकांचं काय?

छतावर शक्यतो तीच भोकं पुन्हा वापरू नका. पत्रे अशा तऱ्हेने सरकवा की जुनी भोकं वरच्या पत्र्याच्या झाकणाखाली जातील. उरलेली रबरी वॉशरच्या स्क्रूने बंद करा. स्क्रू नेहमी नालीच्या उंच भागावर, खोलगट भागात मारला तर पाणी तिथूनच वाहतं. टोकाला टोक जोडताना निदान १५ सेंटीमीटर चढवा, उतार कमी असेल तर जास्त. भिंगाएवढी भोकं पडलेले पत्रे भिंतीला, कुंपणाला, गोठ्याच्या आडोशाला लावा.

ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडाला थेट टेकू देऊ नका, मध्ये रबर किंवा रंगाचा जाड थर हवा. आणि ओला सिमेंट-चुना जस्ताला आणि ॲल्युमिनियमला खातो, म्हणून कडेच्या फटी भरताना मधे पट्टी घाला. वादळाच्या प्रदेशात पत्रा उडतो तो बांधणी अपुरी असल्यामुळे. वासे भिंतीच्या वरच्या पट्ट्याला नव्या लोखंडी पट्टीने बांधा.

१६. जुन्या काचा कापून घेता येतात का?

साधी काच येते. कडक केलेली सुरक्षा काच येत नाही, हिरा लावताच तिचा चुरा होतो. कोपऱ्यात बारीक छाप बघा. ती जशी आहे त्याच मापाची चौकट करा. मोटारीच्या दाराची काच या जातीची. पुढची काच मात्र दोन थरांची असते. अमेरिकेतल्या अलाबामात, ऑबर्न विद्यापीठाच्या रुरल स्टुडिओने मेसन्स बेंडच्या सभागृहाला अशाच पुढच्या काचांचं खवल्यांसारखं छत केलं.

दारातली आणि गुडघ्याच्या उंचीपर्यंतची काच सुरक्षा काचच असावी. दुहेरी काचेच्या तावदानात आत धुकं धरलं असेल तर ते साफ होत नाही, ते रोपवाटिकेला वापरा. चौकट घेताना दोन्ही कर्ण मोजा, फरक असेल तर ती गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही.

१७. टायर आणि बाटल्यांच्या भिंती किती खऱ्या?

खऱ्या आहेत, पण छायाचित्रात घाम दिसत नाही. मायकेल रेनॉल्ड्स यांनी १९७० च्या दशकापासून न्यू मेक्सिकोतल्या टाओसजवळ माती ठोकलेल्या टायरांची घरं बांधली. एका टायरमध्ये शंभर किलोहून जास्त माती घणाने ठोकावी लागते. घराच्या एका बाजूला शेकडो टायर लागतात. डोंगरउतारावरच्या मागच्या भिंतीला ही पद्धत फार चांगली, सपाट जागेवर तिचा उपद्व्याप कशाला? टायर उघडे ठेवू नका, गिलावा हवाच. आग लागली तर विझता विझत नाही, आणि उघड्या टायरात पाणी साचून डास होतात. भाजी लावायला टायर मला पसंत नाहीत, झिजलेल्या रबरातून जस्त आणि तेलकट द्रव्यं मातीत उतरतात.

बाटल्या भार घेत नाहीत. भिंतीत उजेडाच्या खिडकीसारखा तुकडा करा. तोंडं बंद करा, नाहीतर आत ओल धरून शेवाळ येतं.

१८. मालवाहू कंटेनरचं घर स्वस्त पडतं का?

गोदाम म्हणून, हो. घर म्हणून क्वचितच. त्याची ताकद चार कोपऱ्यांच्या खांबांत आणि नालीदार बाजूंत असते. दार-खिडक्यांसाठी बाजू कापली की लोखंडी चौकट वेल्ड करावी लागते आणि बचत तिथेच संपते. उन्हात आत थांबवत नाही, थंडीत छताला घाम येतो. तळाच्या प्लायवुडला कीटकनाशक पाजलेलं असू शकतं. प्रश्न ६ मधल्या शेडऐवजी एक घेतलात तर मात्र सामान सुरक्षित राहतं.

१९. साहित्यच मिळत नसेल तर?

पायाखाली बघा. वरची काळी सुपीक माती बाजूला काढून तिच्याखालची घ्या. बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, जोरात हलवून एक दिवस ठेवा. तळाशी वाळू, मग गाळ, वर चिकणमाती असे थर दिसतात. चिकणमाती साधारण १५ ते ३० टक्के असेल तर दाबलेल्या ठोकळ्यांना माती योग्य, ५ ते ८ टक्के सिमेंट घातलं की पुरेसं. चिकणमाती जास्त असेल तर वाळू मिसळा. काळी, फुगणारी, भेगा पडणारी माती भिंतीला नको आणि तिच्यावरचा पायाही इंजिनीअरला विचारून.

मातीच्या भिंतीला जोतं उंच हवं आणि छताची पागोळी लांब हवी. बाहेरून सिमेंटचा गिलावा करू नका. तो आतली ओल कोंडतो आणि एक दिवस भिंतीपासून तुकड्याने सुटतो. चुना किंवा मातीचाच लेप द्या.

२०. पाण्यासाठी जुने पिंप आणि टाक्या चालतील?

आत आधी काय होतं ते माहीत असेल तरच. खाद्यतेल, सरबत, गूळ-पाक यांचे पिंप धुऊन चालतात. रसायन किंवा कीटकनाशकाचे कितीही धुतले तरी पाण्याला लावू नका, प्लास्टिक ते शोषून ठेवतं. पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या पांढऱ्या टाक्या उन्हात हिरव्या होतात, त्यांना काळा रंग किंवा आच्छादन द्या.

हिशेब सोपा आहे: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, पत्र्यावरून त्यातलं साधारण ८० ते ९० टक्के हाती लागतं. ५० चौरस मीटर छत आणि ६०० मिलिमीटर पाऊस म्हणजे २४ ते २७ हजार लिटर. पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या. शिशाचा जुना रंग किंवा ॲस्बेस्टॉस असलेल्या छताचं पाणी पिण्याला नको. शोषखड्डा आणि विहीर यांत निदान १५ मीटर अंतर, खडक फुटीर असेल तर आणखी.

२१. जुने सोलर पॅनेल घ्यावेत का?

घ्यावेत, जागा भरपूर असेल तर. पॅनेलची ताकद वर्षाला साधारण अर्धा ते एक टक्का घटते, त्यामुळे वीस वर्षांचं पॅनेलही बरंच काम करतं. उन्हात धरून मीटरने व्होल्टेज आणि करंट मोजा, मागच्या छापील आकड्यांशी ताडून बघा. तपकिरी जळके ठिपके, मागच्या आवरणाला भेगा, पाणी शिरलेली पेटी दिसली तर सोडा. जुन्या बॅटऱ्या मात्र नकोत. उजेड पडला की पॅनेल जिवंत असतं, त्याला बंद करायचा खटका नाही, म्हणून जोडणी वायरमनकडून. वायरी का नव्याच, ते प्रश्न ३ मध्ये.

२२. आधी घर की आधी गोठा?

गोठा किंवा खुराडं. विटेची वर्गवारी, पत्र्याची चढण, चौकट गुण्यात बसवणं हे सगळं हात तिथे शिकतात, आणि भिंत थोडी कलली तरी कोंबड्या तक्रार करत नाहीत. फक्त शिशाचा रंग आणि आर्सेनिकचं लाकूड तिथेही नको, जनावरं चाटतात.

२३. मुलांना कामात घ्यावं का?

विटा धुणं, फरशीचे तुकडे रंगाप्रमाणे लावणं, वहीत मापं लिहिणं, मातीचा लेप तुडवणं, हे हौसेने करतील. रंग खरवडणं सुरू असताना ती तिथे नसावीत. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अगदी थोड्या प्रमाणातही अपाय करते. मोठ्यांनीही कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

२४. टप्प्याटप्प्याने बांधलं तर जोडाला तडे जातात. उपाय?

जुना भाग बसून स्थिर झालेला असतो, नवा बसायचा असतो. दोन्ही घट्ट बांधून टाकले की तडा जाणारच. मधे सरळ उभी फट ठेवा, दोन्हीकडे स्वतंत्र भिंत आणि शक्य तिथे स्वतंत्र पाया. फटीत लवचिक भराव आणि वरून पट्टी. पुढची खोली कुठे येणार हे पहिल्या दिवशीच ठरवलं तर तिथे दाराएवढी जागा लिंटेल घालून विटांनी तात्पुरती बुजवून ठेवता येते.

२५. परवानगीसाठी जुनं साहित्य मान्य होतं का?

दर्शनी आणि बिनभाराच्या कामाला सहसा हरकत नसते. भाराच्या भागासाठी अनेक ठिकाणी लाकूड-लोखंडाच्या दर्जाचा पुरावा मागतात, तो जुन्यावर नसतो. बांधकाम इंजिनीअरला साहित्य प्रत्यक्ष दाखवा आणि मोजमापासह लेखी शेरा घ्या. कर्ज आणि विमा देणाऱ्यांशी सुरुवातीलाच बोला. मागून बोलणं अवघड जातं.

२६. भूकंपाच्या पट्ट्यात जुन्या विटांचं घर बांधावं का?

एकमजली, छोट्या खोल्यांचं, हलक्या छताचं असेल तर. जोतं, लिंटेल आणि छताखाली असे सलग काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यांत उभ्या सळया, आणि दारं-खिडक्या कोपऱ्यापासून लांब. पट्ट्यांची सळई अर्थातच नवी. इंजिनीअरशिवाय हे करू नका.

२७. आगीत किंवा पुरात सापडलेल्या इमारतीचं साहित्य घ्यावं का?

आगीतलं काँक्रीट बऱ्याचदा गुलाबीसर होतं. तापमान साधारण ३०० अंशांच्या वर गेल्याची ती खूण. भरावाशिवाय कशालाही नको. वाकलेलं लोखंड भंगारातच द्या. जळालेली तुळई मात्र कधीकधी चांगली निघते, जाड लाकूड वरून कोळसा होतं आणि आत शाबूत राहतं. कोळसा तासून उरलेलं माप धरा. पुरातलं लाकूड सावकाश वाळवलं तर चालतं, प्लायवुड आणि पार्टिकल बोर्ड नाही. पुरातल्या विजेच्या वस्तू कुठल्याच नकोत.

२८. जागेवर जुनं जोतं उभं आहे. त्यावरच घर चढवलं तर पायाचा खर्च वाचेल ना?

वाचू शकतो, आणि बसला तर एका फटक्यात सर्वांत मोठी बचत हीच. दोन-तीन ठिकाणी, त्यातल्या एका कोपऱ्यात, कडेने खड्डा घेऊन पाया किती खोल आहे आणि कशावर टेकला आहे ते बघा. पाणसळीने चारही कोपऱ्यांची उंची मोजा. एक कोपरा खाली बसला असेल तर कारण शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका, बहुतेकदा ते छताच्या पाण्यात किंवा जवळच्या झाडाच्या मुळांत सापडतं. जुन्या घराला एक मजला आणि हलकं छत असेल तर नव्यालाही तेवढंच वजन द्या. भिंती जुन्या भिंतींच्या बरोबर वर आल्या पाहिजेत, मधल्या भरावावर नाहीत. जोत्यावर ओल अडवणारा थर जुन्या घरात बहुधा नसतोच, तो नव्याने घाला. त्या वर एक सलग काँक्रीटचा पट्टा ओतून मगच पहिली वीट ठेवा.